नोंद कोणाची घ्यायची?

नोकरीची सगळी वर्षं मी जुन्नर तालुक्यातल्या एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काढली आणि निवृत्तीनंतर मराठी विकिपीडियावर लिहू लागले. हे कळल्यापासून लोक माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. आमच्या वडिलांचं पान विकिपीडियावर टिकत का नाही? कुणाचे आजोबा असतात, कुणाचे शाळेतले गुरुजी, कुणाच्या गावचे कुस्तीचे वस्ताद. हौसेनं पान तयार केलेलं असतं, त्यावर ‘उल्लेखनीयता’ सिद्ध करा असा साचा लागतो आणि थोड्याच दिवसांत पान वगळलं जातं. विचारणारा रागावलेला असतो, पण त्याहून जास्त दुखावलेला असतो. आमचा बाप मोठा की लहान, हे ठरवणारे हे कोण?

तोंडी सांगून याचं समाधान होत नाही, म्हणून लिहायला बसले. कोशात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हा तंटा संगणकानं आणलेला नाही. मराठीत तो साडेसातशे वर्षांचा आहे. इतक्या वर्षांच्या कोशांकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. कोणताही कोश माणसाची थोरवी मोजत नाही. तो मोजतो त्या माणसाबद्दल दुसऱ्या कोणी काय लिहून ठेवलं आहे, ते. निवाडा कोशाच्या दारात होत असला, तरी खटला त्याच्या किती तरी आधी उभा राहिलेला असतो किंवा बुडालेला असतो.

तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्यांच्यासमोर कागदाचा एक कपटाही नव्हता. स्वामी गेलेले, मागे उरली शिष्यांच्या आठवणीतली प्रसंगांची रास. ऋद्धिपुरात नागदेवाचार्यांच्या आधारानं म्हाइंभटांनी काम सुरू केलं. जी लीळा ज्याच्या देखत घडली, त्याला गाठायचं, विचारायचं, पडताळायचं आणि मग लिहायचं, ही त्यांची रीत. मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली, तेव्हा शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली आणि जिथे आठवणी जुळेनात तिथे वेगवेगळे पाठ शेजारी शेजारी ठेवले. कोणता पाठ कोणाचा, हेही सांगितलं. या काळजीमुळेच महदाइसेसारखी स्वामींची शिष्या आज आपल्याला तिच्या प्रश्नांसकट, हट्टासकट दिसते. राजदरबारच्या शिलालेखात तिला जागा मिळाली नसती. तिच्या परिवारातल्या माणसांना कोणी तरी जाऊन विचारलं, म्हणून ती राहिली.

पुढे १७६२ मध्ये राहुरीजवळच्या ताहराबादच्या महीपतींनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला. हे गृहस्थ गावचे कुळकर्णी, म्हणजे नोंदी ठेवणं हा घरचाच व्यवसाय. आपण हे कोठून घेतलं, ते महीपती स्वतः सांगतात. उत्तरेतल्या नाभाजींचं आणि इकडच्या उद्धवचिद्घनांचं नाव ते आधार म्हणून घेतात. त्यांचा निकष होता भक्ती, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे लावला. म्हणून त्या ग्रंथात चोखामेळा, सेना न्हावी, जनाबाई आणि कान्होपात्रा एकाच पंगतीला आहेत. जातीच्या उतरंडीत ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशा माणसांची चरित्रं एका कुळकर्ण्यानं ओवीबद्ध केली आणि ती कीर्तनातून घरोघर गेली. निकष काय ठेवता यावर कोण आत येतो हे ठरतं, याचा इतका चांगला दाखला दुसरा नाही.

छापखाना आल्यावर काम बदललं. रघुनाथ भास्कर गोडबोल्यांनी १८७६ मध्ये प्राचीन व्यक्ती-स्थळांचा ऐतिहासिक कोश काढला. विसाव्या शतकात महामहोपाध्याय सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोशाचे तीन मोठे भाग सिद्ध केले : प्राचीन १९३२ मध्ये, मध्ययुगीन १९३७ मध्ये, अर्वाचीन १९४६ मध्ये. मध्ययुगाची शेवटची वेस त्यांनी १८१८ ला, पेशवाईच्या अंतापाशी घातली. आमच्या संदर्भ विभागात प्राचीन चरित्रकोशाची पाठ कायम उसवलेली असे, इतका तो वापरात होता. तो उघडून कोणतंही पान पाहा. वेदांत, महाभारतात किंवा एखाद्या पुराणात ज्याचं नाव एकदाच आलं आहे, अशा ऋषीलाही तिथे स्वतःची ओळ आहे. अमक्या कुळातला एक गोत्रकार, एवढंच, पुढे काही नाही. त्यानं काय केलं हे कोणालाच ठाऊक नाही, तरी तो कोशात आहे, कारण एका ग्रंथात त्याचं नाव आहे. आणि आमच्या जुन्नर तालुक्यात ज्यांच्या हाताखाली शेकडो पोरं शिकली असे मास्तर कोणत्याच कोशात नाहीत, कारण त्यांच्याबद्दल छापील ओळ नाही. चित्रावशास्त्र्यांचा यात काही दोष नाही. कोशकार आधाराबाहेर जाऊ लागला तर त्याच्या कोशाला कोण विचारील?

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं धाडस वेगळ्या जातीचं होतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर डॉक्टरेट मिळवून परतलेल्या या माणसानं इंग्रजी कोशाचं भाषांतर करायचं नाकारलं. मराठी वाचकाच्या जागेवर उभं राहून जग कसं दिसतं, ते त्यांना मांडायचं होतं. त्यासाठी त्यांनी चक्क भागीदारांची लिमिटेड कंपनी काढली, वर्गणीदार मिळवले आणि १९२० पासून पुढच्या दशकभरात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड पुरे केले. परक्याच्या कोशात आपली माणसं दिसत नसतील तर आपण आपला कोश रचावा, हा धडा मला केतकरांनी दिला.

परक्या कोशांची स्थिती तरी काय होती? लंडनमध्ये लेस्ली स्टीफन यांनी १८८२ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचं काम हाती घेतलं. घ्यायच्या नावांच्या याद्या ते ‘अथेनियम’ या साप्ताहिकात छापत आणि कोणी राहिलं असेल तर कळवा, असं वाचकांना आवाहन करत. अट एकच, माणूस हयात नसावा. १८८५ ते १९०० या काळात ६३ खंड निघाले. एवढी दक्षता घेऊनही इतके लोक सुटले की १९९३ मध्ये केवळ राहून गेलेल्यांचा एक स्वतंत्र खंड काढावा लागला आणि त्यात हजारावर चरित्रं भरली. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या १९१०-११ च्या गाजलेल्या अकराव्या आवृत्तीत मेरी क्यूरी यांची स्वतंत्र नोंद नाही. १९०३ चं भौतिकीचं नोबेल त्यांना मिळालेलं होतं, तरी त्यांचा उल्लेख येतो तो पती पिएर क्यूरी यांच्या नोंदीत.

आपल्याकडे १९६० मध्ये राज्य झालं आणि त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसावा २०१५ मध्ये. अकारविल्हे निघणाऱ्या कोशाची एक अडचण संदर्भ विभागात बसणाऱ्याला रोज जाणवते. खंड छापला की त्या अक्षराचं दार लागतं. ‘त’ अक्षराचा खंड सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला, म्हणून त्यात विजय तेंडुलकर आहेत. सचिन तेंडुलकर तेव्हा लहान मूल होता. ज्याचं आडनाव ‘अ’ वरून त्याला १९७६ पर्यंत नाव कमवावं लागलं, ज्याचं ‘ह’ वरून त्याला पुढची चाळीस वर्षं मिळाली. शाळेची पोरं विचारायची, “बाई, यात सचिन कसा नाही?” मी त्यांना खंडाचं मुखपृष्ठ उलटून प्रकाशनवर्ष दाखवायची. कोश वाचायला शिकण्याची पहिली पायरी तीच आहे.

१५ जानेवारी २००१ ला इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि ही अडचण एका झटक्यात गेली. दार बंद होणं नाही, कागद आणि बांधणीचा खर्च नाही, खंड भरला म्हणून कोणाला गाळणं नाही. १ मे २००३ ला मराठी विकिपीडियाही आला. जागा अमर्याद आहे तर मग सगळ्यांनाच का घेऊ नये, असं पहिल्या लिहिणाऱ्यांतल्या पुष्कळांना वाटत होतं. त्या वाटण्याची परीक्षा इंग्रजी विकिपीडियाच्या पहिल्याच वर्षी झाली. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जे जवळपास तीन हजार लोक मारले गेले, त्यांच्यातल्या अनेकांची पानं लोकांनी तयार केली. दुःख ताजं होतं, ‘हे पान काढा’ म्हणायला कोणाची जीभ रेटेना. पण प्रत्येक पानावर लिहायचं काय? नाव, वय, नोकरी, कुटुंबानं सांगितलेल्या आठवणी. त्या पडताळणार कोण, आणि उद्या त्यात कोणी खोटं घातलं तर राखणार कोण? अखेर ही पानं वेगळ्या स्मृती-संकेतस्थळावर हलवली गेली आणि पुढे ते संकेतस्थळही बंद पडलं. विश्वकोश म्हणजे स्मारक नव्हे, हा नियम त्यातून ठरला. कठोर वाटतो खरा, पण मेलेल्या माणसाचं नाव चुकीच्या मजकुरासकट कायमचं राहण्यापेक्षा मला तो बरा वाटतो.

पुढच्या काही वर्षांत कसोटी आकाराला आली. त्या व्यक्तीशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं. ओझरता उल्लेख चालत नाही, स्वतःचं संकेतस्थळ चालत नाही, संस्थेनं आपल्याच माणसाची केलेली स्तुती चालत नाही. शंका आली तर पान चर्चेला ठेवतात. इंग्रजीत ही चर्चा साधारण सात दिवस चालते, कोणी राखा म्हणतं, कोणी वगळा म्हणतं, प्रत्येकानं कारण द्यायचं. शेवटी प्रचालक हात मोजत नाही, कारणं तोलतो. मराठीत माणसं थोडी, त्यामुळे तेच काम चर्चापानावर आणि ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर पाच-सात जणांत होतं.

ही कसोटी नसती तर काय झालं असतं, तेही सांगते. निवडणुका जवळ आल्या की ‘युवा नेतृत्व’ आणि ‘थोर समाजसेवक’ यांची पानं पावसाळ्यातल्या तणासारखी उगवतात. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक मोठी टोळी उघडी पडली. ज्यांचे मसुदे नाकारले गेले आहेत अशा लोकांना आणि धंद्यांना गाठायचं, पैसे घेऊन पान छापून द्यायचं आणि पुढे ते राखण्यासाठी आणखी पैसे मागायचे, हा त्यांचा उद्योग. ३८१ खाती बंद करावी लागली. आपल्या बापाचं पान टिकावं ही मुलाची तळमळ खरी असते. तिच्यावर कमाई करणारे टपलेले आहेत आणि त्यांना अडवणारा एकच अडसर म्हणजे हा नियम.

तरी नियम लावणाऱ्यांच्या हातून अन्याय होतो, हे मान्य करायलाच हवं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये जेरार मुरू यांच्याबरोबर लेझरचे अतितीव्र आणि अतिसूक्ष्म स्पंद तयार करण्याची पद्धत शोधली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आज तिचा उपयोग होतो. मुरूंचं पान विकिपीडियावर होतं. स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये संदर्भ अपुरे म्हणून परत पाठवला गेला. प्रकाशविज्ञानातल्या मान्यवर ऑप्टिकल सोसायटीच्या त्या २०१३ मध्ये अध्यक्ष होत्या, तरीही. २ ऑक्टोबर २०१८ ला दोघांना भौतिकीचं नोबेल जाहीर झालं आणि त्याच दिवशी त्यांचं पान उभं राहिलं. भौतिकीचं नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री, आणि पहिल्या स्त्रीला ब्रिटानिकात नवऱ्याच्या नोंदीत बसावं लागलं होतं. मधे शंभराहून जास्त वर्षं गेली होती. मसुदा परतवणाऱ्या स्वयंसेवकावर तेव्हा जगभरातून टीका झाली. मला त्या टीकेत अर्धंच सत्य दिसतं. इतकी वर्षं मोठ्या वर्तमानपत्रांना त्यांच्यावर सविस्तर लेख करावासा का वाटला नाही, हेही विचारायला हवं. पुरुष शास्त्रज्ञांच्या मुलाखती छापून येत होत्या, म्हणून त्यांचे संदर्भ तयार होते. २०१४ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांची चरित्रं साधारण १५ टक्के होती. २०१५ पासून काही जणींनी आणि जणांनी मिळून स्त्रियांच्या नावांचे लाल दुवे निळे करण्याचं, म्हणजे नसलेली पानं तयार करण्याचं, काम नेटानं चालवलं, म्हणून आता तो आकडा वीसच्या आसपास आला आहे.

आता माझ्या टेबलावरची एक पिशवी उघडते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. या भागातल्या एका ढोलकीवाल्यांची नात त्यांच्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली होती. आम्ही एकेक कागद पाहिला. फडाची हँडबिलं, त्यांवर त्यांच्या नावामागे ‘ढोलकीसम्राट’. ही जाहिरात, फडानं स्वतः छापलेली, तिचा आधार धरता येत नाही. वृद्ध कलावंत मानधनाचा सरकारी आदेश. मानधन मिळत होतं एवढंच त्यावरून कळतं. यात्रा कमिटीच्या स्मरणिकेतला दोन पानी लेख. फार चांगला लिहिलेला, पण लिहिणारा सख्खा पुतण्या. निधनवार्ता चार ओळींची, घरच्यांनी दिलेली. लोककलेवरच्या एका पुस्तकातल्या छायाचित्राची प्रत, त्यात आजोबा ऐन भरात ढोलकीवर झुकलेले, आणि खाली मजकूर फक्त ‘ढोलकीवादक’. फोटो काढणाऱ्यानं नाव विचारलं नव्हतं.

सगळ्यांत तळाशी एक कात्रण निघालं. एका जत्रेच्या वृत्तान्तात वार्ताहरानं पूर्ण परिच्छेद त्यांच्यासाठी खर्च केला होता. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी कशी रंगली, लोकांनी फेटे कसे उडवले, पहाटेपर्यंत कोणी उठलं कसं नाही. तटस्थ माणसानं डोळ्यांनी पाहून लिहिलेला हाच एक कागद. पण तो इतक्या निगुतीनं, कडेकडेनं कापला होता की वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दोन्ही कात्रीखाली गेली होती. मागच्या बाजूला बियाण्यांच्या जाहिरातीचा तुकडा होता, त्यावरून हंगाम कळला, साल कळलं नाही.

पान उभं राहणार नाही, हे मी तिला सांगितलं. मग आम्ही करण्याजोगं होतं ते केलं. त्या फडातले जे दोघे-तिघे साथीदार हयात होते त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख आरंभी बोलून. कागदांवर पेन्सिलीनं क्रमांक घातले. लोककलेचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकाच्या हाती सगळं दिलं, कारण उद्या त्यांच्या लेखात आजोबांचं नाव आलं तर तो लेख आधार ठरेल. म्हाइंभट यापेक्षा वेगळं काय करत होते? बोली स्मृतीलाही आधाराचा मान मिळावा, म्हणून २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत प्रयोग केला, लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या संदर्भ म्हणून जोडल्या. विकिपीडियानं ती रीत सरसकट स्वीकारलेली नाही. माझ्या मते स्वीकारायला हवी, म्हाइंभटांसारखी पडताळणीची शिस्त ठेवून.

छापील ओळ किती वाट पाहू शकते, हे ताराबाई शिंद्यांकडून शिकावं. बुलढाण्याच्या या बाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं आणि १८८२ मध्ये पुण्यात ते छापलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. नंतर ते पुस्तक आणि ती बाई दोन्ही विसरली गेली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून संपादित केलं आणि आज ताराबाईंशिवाय भारतीय स्त्रीवादाचा इतिहास कोणी लिहीत नाही. त्यांच्या जन्म-मृत्यूच्या सालांपुढे अजूनही ‘सुमारे’ लिहावं लागतं. पण पुस्तक छापलेलं होतं, एक प्रत उरली होती, म्हणून नव्वद वर्षांनंतरही त्यांना परत आणता आलं. उलट, छापील ओळ हयातीतच आली की काय होतं, तेही पाहा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं कित्येक वर्षं जपलं. त्यांच्यावर लेख आले, २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांत नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि कोशांत नोंद सोपी झाली. त्यांचं काम त्या आधीही तेवढंच मोठं होतं.

म्हणून वडिलांच्या पानासाठी भांडायला येणाऱ्यांना मी आता सांगते, पान नंतर. वडिलांबद्दल परक्या माणसानं काय लिहिलं आहे ते आधी शोधा. नसेल तर लिहिणाऱ्याला गाठा, त्याला कागद द्या, माणसं भेटवा आणि त्याला काय वाटेल ते मोकळेपणानं लिहू द्या. गावच्या स्मरणिकेत घरच्यांऐवजी बाहेरच्या जाणकाराकडून लेख घ्या. फोटोखाली प्रत्येकाचं नाव लिहा, डावीकडून उजवीकडे. कात्रण कापाल तेव्हा वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक कडेला लिहा. जिल्हा दैनिकांच्या जुन्या फायली वाळवीच्या तोंडी जात आहेत, त्या ग्रंथालयांनी मागून घ्याव्यात आणि त्यांचं डिजिटायझेशन करावं. तालुक्याच्या ग्रंथालयात स्थानिक माणसांची कात्रणवही ठेवायला एक रजिस्टर आणि खळीची बाटली पुरते. कोशकार कितीही उदार असला तरी त्याला आधार लागणारच, आणि तो आधार गावातूनच यायला हवा.